छोट्या लाईनचं डिझेल इंजिन: चालतं कसं आणि जपायचं कसं

पातालपानी ते कालाकुंड ही विंध्याच्या घाटातली साधारण साडेनऊ किलोमीटरची वारसागाडी इंदूरच्या मराठी घरांत आता पाहुण्यांना दाखवायची हक्काची गोष्ट झाली आहे. पुण्याहून नाहीतर अकोल्याहून पावसाळ्यात कुणी आलं की राजवाडा, सराफा आणि मग महूच्या पुढची ही ‘छोटी लाईन’. परतल्यावर फोनमधले फोटो बघावेत तर धबधबा असतो, बोगदा असतो, कालाकुंड स्टेशनवरचा दोन्यातला कलाकंद असतो. इंजिनाचा फोटो असलाच तर त्याला पाठ करून काढलेला. आणि ‘वाफेचं इंजिन असतं तर मजा आली असती’ असंही कुणीतरी म्हणतंच.

हे वाक्य मला दरवेळी खटकतं. ते डिझेल इंजिन वाफेची उणीव भरून काढायला आणलेलं नाही. मीटरगेजच्या, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेल्या लाईनच्या, शेवटच्या काही दशकांचा मोठा भार त्याच्याच जातीच्या इंजिनांनी वाहिला, आणि आज त्याला चालतं ठेवणं काही बाबतींत वाफेच्या इंजिनापेक्षा जास्त अवघड आहे. का अवघड आहे, हे कळायला आधी ते चालतं कसं हे कळायला हवं.

या इंजिनाची जात ‘वायडीएम-४’. वाय म्हणजे मीटरगेज, डी म्हणजे डिझेल आणि एम म्हणजे मालगाडी आणि प्रवासी गाडी दोन्ही ओढणारं. आराखडा अमेरिकेतल्या अल्को कंपनीचा. पहिली इंजिनं १९६१-६२ च्या सुमारास तिथूनच आली, काही कॅनडाहून आली, आणि १९६८ पासून वाराणसीच्या डिझेल कारखान्यात ती बनू लागली. गंमत अशी की खुद्द अल्कोने १९६९ मध्ये रेल्वे इंजिनं बनवणं थांबवलं. आपण मात्र तिचा आराखडा पुढे कित्येक वर्षं चालवला. याच जातीची इंजिनं आपण मलेशियाला भाड्याने दिली, व्हिएतनामला विकली.

वजन सुमारे ७२ टन. सहा आस, म्हणजे प्रत्येक आसावर साधारण १२ टन. मीटरगेजचे रूळ हलके, त्यामुळे एकेका आसावर किती वजन टाकायचं यालाच मर्यादा; म्हणून ते सहा आसांवर वाटून दिलेलं. आत एका रांगेत सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९ इंच आणि पिस्टनची धाव साडेदहा इंच. ताकद १४०० अश्वशक्तीच्या घरात. आजच्या मोठ्या इंजिनांपुढे हा आकडा लहान वाटेल. घाटात तो कसा पुरतो ते पुढे येईलच.

आता मुख्य गोष्ट. या इंजिनाची चाकं डिझेलवर फिरत नाहीत, विजेवर फिरतात. डिझेल जळून जो दांडा फिरतो तो चाकांना कुठेही जोडलेला नाही. तो फिरवतो एक मोठा जनरेटर, जनरेटर वीज तयार करतो, ती वीज जाड केबलमधून खाली जाते, आणि सहाही आसांवर एकेक मोटर बसवलेली असते तिला मिळते. म्हणजे हे चालतं-फिरतं वीजघरच आहे.

एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? ट्रकसारखा क्लच आणि गिअर का नाही लावला? उभा ट्रक हलवताना ड्रायव्हर क्लच थोडा घासू देतो, कारण डिझेल इंजिन शून्यापासून जोर लावू शकत नाही. ते आधी स्वतः फिरत असावं लागतं. अडीचशे टनांची गाडी चढावर अशी क्लच घासत हलवायची म्हटली तर क्लच जळून जाईल. विजेच्या मोटरचं उलट असतं. रेल्वेत वापरतात ती सिरीज मोटर उभी असतानाच सगळ्यात जास्त जोर लावते. ती फिरत नसते तेव्हा प्रवाहाला आतून विरोध जवळपास नसतो, भरपूर वीज ओढली जाते आणि जोर प्रचंड मिळतो. वेग वाढत गेला की मोटर स्वतःच उलटा विद्युतदाब तयार करते, वीज कमी ओढली जाते आणि जोर आपोआप उतरतो. सुरुवातीला जोर, पुढे वेग: गाडीला हवं असतं नेमकं तेच, तेही एकही गिअर न बदलता.

लोको पायलटच्या हातात असतो थ्रॉटल. त्याला आठ खाचा, म्हणजे आठ नॉच. नॉच वाढवला की गव्हर्नर नावाचं यंत्र डिझेलचा पुरवठा वाढवतं आणि इंजिनाचे फेरे वाढतात. नुसतं गुरगुरत असताना मिनिटाला चारशेच्या आसपास, आठव्या नॉचवर हजाराच्या वर. आपल्याला ऐकू येणारा आवाजाचा टप्प्याटप्प्याचा चढ म्हणजे हे नॉच.

आणि तो काळा धूर? अल्कोची इंजिनं त्यासाठी जगभर ओळखली जातात. डिझेल नीट जळायला भरपूर हवा लागते. ती आत कोंबायचं काम टर्बो करतो, आणि टर्बो फिरतो बाहेर पडणाऱ्या धुराच्याच जोरावर. नॉच वाढवला की डिझेल लगेच वाढतं, पण टर्बोला वेग घ्यायला काही सेकंद लागतात. तेवढ्या वेळात डिझेल जास्त आणि हवा कमी, म्हणून अर्धवट जळलेला कार्बन धुराड्यातून काळा बाहेर पडतो. टर्बोने वेग पकडला की धूर विरतो. धूर सतत काळाच राहिला तर मात्र समजावं की टर्बो, डिझेल फवारणारे इंजेक्टर किंवा हवेचे फिल्टर यांच्यात काहीतरी बिनसलं आहे.

आता घाट. पातालपानी-कालाकुंड दरम्यान चढ आहे १ ला ४०. चाळीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, किलोमीटरला २५ मीटर. रस्त्यावर हा चढ जाणवणारही नाही, पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं, म्हणून रेल्वेसाठी तो फार तीव्र. हिशेब करून बघू. इंजिन ७२ टन, मागे प्रत्येकी ३० टन धरून सहा डबे, एकूण अडीचशे टन. १ ला ४० च्या चढावर या वजनाचा चाळिसावा भाग, म्हणजे सव्वासहा टनांची ओढ गाडीला सतत मागे खेचत असते. चाकाची रुळावरची पकड कोरड्या दिवशी इंजिनाच्या वजनाच्या साधारण एक चतुर्थांश, म्हणजे अठरा टनांच्या आसपास. सहा डब्यांना ती निवांत पुरते. ताशी २० किलोमीटरने चढायला नुसत्या चढासाठी साडेचारशेच्या जवळ अश्वशक्ती लागते, तीही आहे. पण पूर्वी इथून जयपूर-काचीगुडा मीनाक्षी एक्सप्रेस जायची. अशा लांब गाडीचं वजन दुप्पट झालं, त्यात रूळ पावसाने ओले, वर सागाची पानं पडलेली, की पकड झपाट्याने खाली येते. म्हणून कालाकुंडला गाडीला आणखी एक इंजिन लावत. त्याला बँकर म्हणायचं.

चाक घसरायला लागलं की मोटर एकदम सुसाट फिरते आणि पकड आणखीच जाते. यावर उपाय दोन: थ्रॉटल मागे घ्यायचा आणि चाकापुढे वाळू सोडायची. इंजिनावर वाळूच्या पेट्या असतात, दाबाच्या हवेने वाळू बारीक नळीतून नेमकी चाकाच्या टाचेशी पडते. पावसाळ्यात वाळू कोरडी ठेवणं हे शेडमधलं एक गंभीर काम आहे. ओली वाळू नळीत गच्च बसली की ऐन चढावर इंजिन हतबल.

उतरताना प्रश्न वेगळा. आता तीच सव्वासहा टनांची ओढ गाडीला खाली ढकलते. मीटरगेजचे डबे पिढ्यान्‌पिढ्या व्हॅक्यूम ब्रेकवर चालले. सगळ्या गाडीतून एक नळी जाते आणि इंजिनावरचं एक्स्प्रेसर नावाचं यंत्र तिच्यातली हवा शोषून घेतं. नळीत हवा नाही तोवर ब्रेक सुटलेले. हवा आत आली की ब्रेक लागले. त्यामुळे गाडी तुटून दोन तुकडे झाले तरी दोन्ही तुकडे आपोआप थांबतात, कारण नळीही तुटलेली असते. घाट उतरण्याआधी पातालपानीला गाडी थांबवून ब्रेक तपासायची रीत आहे. तिथेच इंग्रजांशी लढलेल्या तंट्या भिल्लाचं ठाणं. गाडी तंट्या मामाला सलामी द्यायला थांबते असं माळव्यात सगळेच सांगतात. श्रद्धा आणि ब्रेक-तपासणी एकाच जागी आली आहे, आणि मला ते फार आवडतं.

या लाईनचा जन्म थोडक्यात सांगतो, कारण आपल्या इंदुरी मराठी मंडळींना त्याचा अभिमान असायला हवा. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये इंग्रज सरकारला साडेचार टक्के व्याजाने एक कोटी रुपयांचं कर्ज देऊ केलं, मुदत १०१ वर्षं, आणि त्यातून खांडवा-इंदूर ‘होळकर स्टेट रेल्वे’ उभी राहिली. खांडव्याकडून सनावदपर्यंतचा भाग १८७४ मध्ये सुरू झाला, इंदूरला गाडी आली १८७८ मध्ये. उशीर घाटाने केला. पुढे १९६० च्या सुमारास खांडवा-हिंगोली जोडलं गेलं आणि अजमेर, रतलाम, इंदूर, अकोला, वाशीम, पूर्णा अशी एक सलग मीटरगेज माळ तयार झाली. आपल्या किती आत्या-मावश्या या गाडीने सासरी आल्या, याची मोजदाद नाही. आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी: होळकरांची लाईन १००० मिलिमीटर रुंद, गायकवाडांची डभोईकडची ७६२, ग्वाल्हेरच्या शिंद्यांची ६१०. तीन मराठी संस्थानं, तीन गेज, त्यामुळे एकाचं इंजिन दुसऱ्याच्या रुळांवर चालण्याचा प्रश्नच नव्हता. डभोईला तर १८६२ मध्ये पहिले डबे बैलांनी ओढले होते.

१९९२ पासून देशभर एकच गेज करायचं काम सुरू झालं आणि ही माळ तुकड्यातुकड्याने ब्रॉडगेज होत गेली. घाटात मात्र जुन्या वाटेने ब्रॉडगेज नेणं शक्य नव्हतं, चढ फार तीव्र. नव्या लाईनसाठी लांबचा वळसा आणि मोठे बोगदे ठरले. म्हणून जुना तुकडा मोकळा राहिला आणि २५ डिसेंबर २०१८ ला त्यावर वारसागाडी सुरू झाली. घाटाने एकेकाळी होळकरांना अडवलं होतं. त्याच घाटाने ही लाईन वाचवली.

आता जपणुकीकडे येऊ, कारण लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. इंजिन जपणं म्हणजे त्याला रंग देऊन स्टेशनबाहेर चौथऱ्यावर ठेवणं, असं बहुतेकांना वाटतं. चौथऱ्यावरचं इंजिन हे कवच असतं. ठेवण्याआधी उपयोगी भाग बहुधा काढून घेतलेले असतात. मोटर आणि जनरेटरमध्ये तांबं भरपूर, त्याला किंमत असते. मग धुराड्यातून पाऊस आत जातो आणि बाहेर रंग चकाकत असताना आतून गंज चढतो. मुलांना आकार दाखवायला ते ठीक आहे. पण चढावर नॉच वाढवल्यावर त्या इंजिनाला काय होतं, हे चौथऱ्यावर दिसत नाही.

चालतं ठेवायचं तर काय लागतं? रेल्वेच्या हिशेबात डिझेल इंजिनाचं आयुष्य ३६ वर्षं धरतात. वायडीएम-४ पैकी बहुतेकांनी ते ओलांडलं आहे. वाफेच्या इंजिनाचा एखादा भाग झिजला तर चांगला लोहार आणि लेथवाला तो पुन्हा घडवू शकतो, कारण तिथे मुख्यतः लोखंड, पितळ आणि डोळ्यांना दिसणारी रचना असते. डिझेल इंजिनाचं तसं नाही. इंजेक्टरच्या पंपात दोन भागांमधलं अंतर केसापेक्षाही कितीतरी बारीक असतं. टर्बोचं पातं ठरावीक मिश्रधातूचंच लागतं. रबरी सील वापरा किंवा न वापरा, वयाने कडक होतात. आणि सगळ्यात नाजूक म्हणजे मोटरच्या तारांवरचं इन्सुलेशन. ते उष्णतेने ठिसूळ होतं, दमटपणा शोषतं, आणि एक दिवस तार आतल्या आत जळते. म्हणून पावसाळ्यात बराच काळ उभं राहिलेलं इंजिन थेट सुरू करत नाहीत. आधी मेगर लावून इन्सुलेशन तपासतात, गरज पडली तर गरम हवेने मोटर वाळवतात.

एक दिलासा होता. याच अल्को घराण्यातली सोळा सिलिंडरची मोठी ब्रॉडगेज इंजिनं वाराणसीत हजारोंनी बनली, आणि सिलिंडरचं माप दोन्हींत तेच, ९ इंच आणि साडेदहा इंच. त्यामुळे पिस्टन, लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर), सिलिंडर हेड असे भाग मिळत राहिले. पण विद्युतीकरणाने आता ती मोठी भावंडंही निवृत्त होत आहेत. चाकं, आस आणि मोटर तर मीटरगेजचे वेगळेच. आजूबाजूचं सगळं ब्रॉडगेज झाल्यामुळे इंजिन स्वतःच्या चाकांवर चालत दूरच्या वर्कशॉपला जाऊही शकत नाही, ट्रेलरवर चढवून न्यावं लागतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: एक इंजिन चालवायचं असेल तर त्याच जातीची आणखी दोन-तीन भंगारात न घालता सुट्या भागांसाठी झाकून ठेवायला हवीत, आणि हे आत्ताच ठरवायला हवं.

भागांइतकेच हात महत्त्वाचे. आमच्या ओळखीतले एक काका मीटरगेजच्या डिझेल शेडमध्ये फिटर होते. दीर्घ विश्रांतीनंतर इंजिन सुरू करण्याची पद्धत त्यांनी मला हाताने करून दाखवावी तशी समजावली. आधी वंगणाचं तेल फिरवून घ्यायचं, म्हणजे बेअरिंग कोरडे राहणार नाहीत. मग प्रत्येक सिलिंडरची तपासणीची तोटी उघडायची आणि लांब दांडा लावून इंजिन हातानेच हळूहळू पूर्ण फेरा फिरवायचं. सगळ्या तोट्यांवर नजर ठेवायची. एखाद्या तोटीतून पाण्याचे थेंब उडाले तर तिथेच थांबायचं, कारण हेड किंवा लायनरमधून पाणी आत झिरपलं आहे. पाणी दबत नाही. अशा स्थितीत बॅटरीने इंजिन फिरवलं तर पिस्टनचा दांडा वाकतो, कधी हेड फुटतं. तोट्या कोरड्या निघाल्या तरच क्रँक करायचं. तेव्हा बॅटऱ्यांची वीज जनरेटरला उलटी देतात, जनरेटर काही क्षण मोटर होतो आणि इंजिनाला पहिले फेरे देतो.

बंद करतानाही कान लागतात. इंजिन थांबल्यावर टर्बो स्वतःच्या वेगाने फिरत राहतो. काका म्हणाले, घड्याळ लावून उभं राहायचं आणि त्याची शीळ कधी थांबते ते ऐकायचं. हळूहळू विरत गेली तर बेअरिंग चांगलं. लवकर, अडखळत थांबली तर टर्बो उतरवायचा. वंगणाच्या तेलाचा नमुना प्रयोगशाळेत जातो. त्यात तांबं वाढलं की बेअरिंग झिजतंय, लोखंड वाढलं की रिंग किंवा लायनर, सिलिकॉन वाढलं की फिल्टरमधून धूळ शिरते आहे. माणसाच्या रक्ततपासणीइतकंच ते नेमकं. हे सगळं कागदावर लिहिता येतं, पण टर्बोची शीळ कागदावरून शिकता येत नाही. व्हॅक्यूम ब्रेकचंही तेच. ब्रॉडगेज केव्हाच हवेच्या दाबाच्या ब्रेकवर गेलं, त्यामुळे व्हॅक्यूमची गळती शोधणारे फिटर कमी होत चालले आहेत. जुन्यांपैकी जे आहेत त्यांना मानधन देऊन नव्या मुलांसोबत उभं करणं, हा जपणुकीतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित खर्च आहे.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना उलटी वाटते: हे इंजिन कमी चालवल्याने जास्त खराब होतं. ते ओझं ओढायला बनलेलं. तासन्‌तास नुसतं गुरगुरत ठेवलं तर सिलिंडर पुरेसे तापत नाहीत, अर्धवट जळलेलं डिझेल आणि वंगणाचं तेल धुराच्या नळीत साचतं, आणि मग जोर लावला की धुराड्यातून ठिणग्या उडतात. नुसतं उभं ठेवलं तर बेअरिंगमधले रोलर एकाच जागी दाब देऊन खळगे पाडतात. म्हणून वारसागाडी बंद असते त्या महिन्यांतही इंजिन अधूनमधून सुरू करून, थोडं मागेपुढे हलवून, जमलं तर भार देऊन चालवायला हवं.

राजस्थानात मारवाड जंक्शनजवळच्या मीटरगेज वारसागाडीवर डिझेल इंजिनालाच वाफेच्या इंजिनाचा वेश चढवला आहे. पर्यटकांना आवडत असेल, पण मला ते पटत नाही. वायडीएम-४ चा स्वतःचा चेहरा आहे: एका बाजूला लांब नाक, त्यात सहा सिलिंडर आणि रेडिएटर, दुसऱ्या बाजूला आखूड नाक, मध्ये एकच कॅब, तिथून दोन्ही दिशांना चालवता येतं. लांब नाक पुढे असेल तर लोको पायलटला वळणावर रूळ दिसायला त्रास होतो आणि असिस्टंटला त्याच्या बाजूचं सिग्नल मोठ्याने सांगावं लागतं. घाटातली ही सगळी नोकरी त्या आकारातच लिहिलेली आहे.

पुढच्या वेळी पाहुण्यांना घेऊन गेलात तर कालाकुंडला कलाकंद घेण्याआधी इंजिनाच्या लांब नाकाकडे, सुरक्षित अंतरावर उभे राहा आणि गुरगुरणं ऐका. सहाही सिलिंडरचा मिळून एक खोल, सलग ठेका ऐकू येतो. परतीच्या चढाला इंजिनाला लागून असलेल्या डब्यात जागा मिळवा. गाडी हलताना आधी आवाज वाढेल, मग धूर येईल, आणि त्यानंतर दोन-तीन सेकंदांनी टर्बोची शीळ वर चढेल. क्रम तोच राहतो. शीळ आली की धूर पातळ होतो का ते बघा, आणि सोबतच्या मुलांना विचारा, का?